जुन्या बाजारातील शर्ट

पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी व बुधवारी जुना बाजार भरतो. लोखंडी सामान, हत्यारे, घड्याळे यांच्या शेजारीच वापरलेल्या कपड्यांचे ढीग असतात. हे कपडे येतात कोठून? बोहारणी दारोदार फिरून जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देतात. ते कपडे धुऊन, सांधून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर, एकाच्या लेखी वस्तूची उपयोगिता संपते, तेथे दुसऱ्याची सुरू होते.

पुरुषांचे कपडे घेताना काही गोष्टी पाहाव्यात. कॉलरची घडी, काखेतील शिवण आणि पँटची बैठक उजेडाकडे धरावी. कापड विरळ दिसले तर घेऊ नये. बटण तुटलेले चालते, विरलेले कापड चालत नाही. शर्ट खांद्यांवर लावून पाहावा, कारण खांदे दुरुस्त करणे कठीण. पँट कमरेत घट्ट असेल तर आतल्या शिवणीत दाब सोडला आहे का ते तपासावे. घरी आणल्यावर कपडा गरम पाण्यात धुवावा.

हे सारे मला वडिलांनी शिकविले. कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी त्यांनी तेथूनच शर्ट घेतला. वर्गातल्या एका मित्राला मी तो लक्ष्मी रोडवरचा म्हणून सांगितले. वडील मागेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढेच म्हणाले, “कॉलर अजून दोन वर्षं जाईल.”

दुसरे वर्ष संपत आले. कॉलर शाबूत आहे. त्या मित्राला मात्र खरे सांगायचे राहिले होते. ते या लेखाने सांगितले.