टाकी निघाली, पण खालची माती?

बर दुबईत खाडीच्या बाजूला एखाद्या इमारतीचा पाया खोदत असतील, तर तिथे रात्रंदिवस चालणारे पंप तुम्ही पाहिले असतील. थोडं खणलं की पाणी लागतं, तेही खारं. अशाच जमिनीत पेट्रोल पंपाची जुनी टाकी असेल आणि ती कायमची बंद करायची असेल, तर टाकी रिकामी करून भागत नाही. तिच्याखालची माती तपासावी लागते.

गळलेलं पेट्रोल वाळूतून झपाट्याने खाली उतरतं. ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने भूजलाशी पोहोचलं की त्यावर तरंगत आडवं पसरतं. पाण्याची पातळी वरखाली झाली की तेवढ्या जाडीची माती पेट्रोलने माखते. त्यामुळे खड्ड्याच्या वरच्या कोरड्या कडेची माती स्वच्छ निघाली, तरी त्यावरून काहीच ठरत नाही. नमुने घ्यायचे ते टाकीच्या दोन्ही टोकांखालून, पाइपच्या जोडांखालून आणि पाण्याच्या पातळीलगत. अमेरिकेत १९८८ च्या नियमांनी हेच बंधनकारक केलं: टाकी बंद करताना, गळती सापडण्याची शक्यता जिथे सर्वांत जास्त, तिथे मोजा.

दुसरी अडचण उन्हाची. पेट्रोलमधलं बेंझीन कर्करोगकारक आहे आणि फार चटकन उडून जातं. ऑगस्टच्या दुपारी माती साध्या पिशवीत भरून गाडीत ठेवली, तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातलं बरंचसं बेंझीन हवेत गेलेलं असतं. मग अहवालात ‘आढळलं नाही’ असं येतं आणि सगळे निश्चिंत होतात. हे टाळायला साधारण ५ ग्रॅम माती छोट्या नळीने काढून लगेच मिथेनॉलच्या बाटलीत टाकतात, झाकण घट्ट लावतात आणि बाटली ४ अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवतात. टाकी शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली असेल, तर शिसंही तपासतात.

तुम्ही म्हणाल, दुबईत आपण समुद्राचं गोडं केलेलं पाणी पितो, मग इथल्या भूजलाची एवढी काळजी कशाला? एक हिशेब करू. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझीन धरलं, तर १ लिटरमध्ये ते सुमारे ९ ग्रॅम भरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे ९ लाख लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन भिडवायला एवढं बेंझीन पुरतं. हे पाणी कोणी पीत नसेलही. पण शेजारी पाया खोदताना तेच उपसलं जातं, आणि त्यातली वाफ मातीतून वर चढत तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरू शकते.

म्हणून असा अहवाल कधी हाती आला, तर शेवटच्या आकड्याआधी तीन गोष्टी शोधा: नमुना किती खोलीवरचा, नेमका कुठला, आणि प्रयोगशाळेपर्यंत कसा नेला. यांची उत्तरं नसतील, तर ‘आढळलं नाही’ या शब्दांवर विसंबू नका.