प्राणवायूचा पहारेकरी

आपल्या मराठवाड्यांत ज्वारी सांठविण्यासाठीं जमिनींत पेंव खणण्याची चाल पूर्वी सर्वत्र होती. पेंव उघडल्याबरोबर त्यांत कोणीं उतरूं नये. कांहीं वेळ तें उघडें ठेवावें. मग दोरीनें पेटता दिवा आंत सोडावा. आणि दिवा तेवत राहिला तरच माणसानें खालीं जावें, असें जाणतीं माणसें सांगत. बंद पेंवांतील धान्यहि श्वासोच्छ्वास करितें. तें हवेंतील प्राणवायु घेतें व कार्बन डायॉक्साइड वायु बाहेर टाकितें, त्यामुळें आंतील हवा माणसाच्या उपयोगाची राहत नाहीं. हें शास्त्रीय कारण आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊक असो वा नसो, त्यांची सावधगिरी योग्य होती. त्या दिव्याचें काम अधिक चोखपणें करणारें यंत्र आतां निघालें आहे. प्राणवायूस आपण ऑक्सिजन म्हणतों, म्हणून त्या यंत्रास ऑक्सिजन डिटेक्टर हें नांव पडलें आहे. तें काय सांगतें, तें कसें चालवावें, आणि तें काय सांगत नाहीं, ह्या तीन गोष्टींचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

शरीर सूचना कां देत नाहीं?

कोरड्या स्वच्छ हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्रवायु व २०.९ भाग प्राणवायु असतो. उरलेल्या सुमारें एक भागांत आर्गॉन आदिकरून इतर वायु येतात. परभणीच्या सपाटीवर काय किंवा महाबळेश्वरच्या माथ्यावर काय, हें शेंकडा प्रमाण तेंच असतें. प्राणवायूस रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. म्हणून तो कमी झाल्याचें डोळ्यांस किंवा नाकास कळत नाहीं. याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, तें छातीसहि बहुधा कळत नाहीं. नदींत बुडी मारून श्वास कोंडून धरला असतां जीव कासावीस होतो, तो मुख्यतः रक्तांत कार्बन डायॉक्साइड सांचल्यामुळें होतो. नत्रवायूनें भरलेल्या खोलींत मात्र माणूस श्वास घेतो व सोडतो, त्याच्या शरीरांतील कार्बन डायॉक्साइड नेहमीप्रमाणें बाहेर पडत राहतो, आणि त्यास कसलीहि घुसमट वाटत नाहीं. प्राणवायु शेंकडा १६ च्या खालीं उतरला म्हणजे विचारशक्ति मंद होते व हातपाय नीट चालत नाहींत. १० च्या खालीं गेला म्हणजे शुद्ध हरपते. ६ च्या खालीं तर थोड्याच मिनिटांत मृत्यु ओढवतो. ज्या बुद्धीनें धोका ओळखावयाचा, तीच आधीं झोंपी जाते.

हें संकट आपल्या जिल्ह्यास परकें नाहीं. ११ मे २०२३ रोजीं सोनपेठ तालुक्यांतील भाऊचा तांडा येथें एका शेतांतील शौचालयाची टाकी साफ करीत असतां पांच मजूर गुदमरून मरण पावले व सहाव्याची प्रकृति अत्यवस्थ झाली. टाकींत किंवा आडांत एक माणूस कोसळला कीं त्यास काढण्यासाठीं दुसरा धांवतो, दुसऱ्यासाठीं तिसरा. आणि मायेनें धांवून गेलेलीं माणसें त्याच हवेस बळी पडतात, असें ठिकठिकाणच्या दुर्घटनांत वारंवार दिसून आलें आहे.

यंत्राची रचना

हें यंत्र दोन प्रकारचें असतें. एक कमरेस अडकवून नेण्याचें, व दुसरें भिंतीवर कायमचें बसविलेलें. जेथें धोका रोजचाच आहे, तेथें दुसरें यंत्र लागतें. एक जवळचें उदाहरण घेऊं. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठीं गोठविलेलें वीर्य द्रवरूप नत्रवायूच्या भांड्यांत ठेवितात, हें शेतकरी पालकांस माहीत आहे. परभणीस पशुवैद्यक महाविद्यालय असल्यामुळें ह्या शास्त्राचा आपला परिचय जुना आहे. हा द्रव शून्याखालीं १९६ अंशांवर उकळतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारें ६९० लिटर वायु होतो. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा खोलींत २७,००० लिटर हवा मावते. तेथें पांच लिटर द्रव सांडला, तर सुमारें ३,४५० लिटर नत्रवायु खोलींत पसरतो व तितकीच हवा बाहेर ढकलतो. ढोबळ हिशेबानें प्राणवायु २०.९ वरून १८ च्या आसपास येतो. आणि थंड वायु जड असल्यामुळें जमिनीलगत तो याहूनहि कमी असतो. अशा खोलीस पहारेकरी हवाच.

ह्या पहारेकऱ्याचें नाक म्हणजे सेन्सर. पुष्कळ यंत्रांत तो एका लहानशा विद्युत्‌घटासारखा असतो. त्यांत एका बाजूस शिसें, दुसऱ्या बाजूस सोनें किंवा चांदी यांसारखा धातु, आणि मध्यें कॉस्टिक पोटॅशचें द्रावण असतें. एका सूक्ष्म छिद्रांतून किंवा पातळ पडद्यांतून हवा आंत झिरपते. तिच्यांतील प्राणवायूच्या क्रियेनें शिसें हळूहळू झिजतें व अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. प्राणवायु जितका अधिक, तितका प्रवाह अधिक. कंदिलांतील तेल जसें जळून संपतें, तसें हें शिसेंहि संपतें. म्हणून असा सेन्सर साधारणतः दोन-तीन वर्षांनीं बदलावा लागतो.

सेन्सरचा क्षीण प्रवाह दूर पोहोंचत नाहीं. तो ठराविक मापांत बसवून तारेनें पाठविण्याचें काम ट्रान्समीटर करितो. बहुतेक यंत्रांत हें माप ४ पासून २० मिलिअँपियरपर्यंत असतें. यंत्राची मर्यादा शून्यापासून शेंकडा २५ पर्यंत असेल, तर प्राणवायूच्या शेंकडा प्रमाणास २५ नें भागावें, १६ नें गुणावें व ४ मिळवावे. स्वच्छ हवेंत २०.९ ला २५ नें भागून १६ नें गुणिल्यास १३.४ येतात, त्यांत ४ मिळविले कीं १७.४ मिलिअँपियर हें उत्तर मिळतें. शून्यापासून आरंभ न करितां ४ पासून कां केला? कारण उघड आहे. ४ चा अर्थ "प्राणवायु मुळींच नाहीं" असा होतो, आणि शून्याचा अर्थ "तार तुटली आहे किंवा वीज गेली आहे" असा होतो. पहारेकरी "चोर आला" असें ओरडत आहे कीं तो स्वतःच झोंपला आहे, हें मालकास ह्यावरून निराळें कळतें.

चालविण्याची रीत

पहिली गोष्ट जागेची. नत्रवायूचें वजन हवेच्या जवळपास असल्यामुळें सामान्यतः सेन्सर माणसाच्या तोंडाच्या उंचीवर बसवितात. परंतु कार्बन डायॉक्साइड किंवा थंड वायु जमिनीलगत सांचण्याचा संभव असेल, तर तो खालीं बसवावा लागतो. सेन्सरचें तोंड जमिनीकडे ठेवावें, म्हणजे धूळ व पाणी आंत शिरत नाहीं. खिडकीच्या किंवा पंख्याच्या अगदीं समोर तो बसविल्यास त्यास बाहेरचीच हवा मिळेल व आंतील धोका कळणार नाहीं.

दुसरी गोष्ट मापाच्या शुद्धतेची. वीज चालू केल्यावर यंत्र स्थिर होईपर्यंत थांबावें. मग पॅनेलावरील माणसास आधीं कळवून सेन्सरवर शुद्ध नत्रवायु सोडावा व आंकडा शून्यावर आणावा. त्यानंतर निःसंशय स्वच्छ हवेंत किंवा प्रमाणित वायूच्या नळकांड्यावर तो २०.९ वर लावावा. ज्या हवेविषयीं शंका आहे तिलाच २०.९ म्हणणें, हें खोट्या वजनावरून तराजू दुरुस्त करण्यासारखें आहे. हें काम यंत्र बनविणाऱ्यानें सांगितलेल्या मुदतीनें करावें व त्याची तारीख वहींत लिहावी.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची. प्राणवायु १९.५ च्या खालीं गेला किंवा २३.५ च्या वर चढला म्हणजे भोंगा वाजावा, दिवा लागावा व पंखा सुरू व्हावा, अशी योजना बहुधा असते. भोंगा वाजतांच प्रथम बाहेर पडावें. कारण शोधणें तें नंतर. "हा नेहमीच वाजतो" असें म्हणून भोंग्याची तार काढून ठेवणारा मनुष्य सर्वांत मोठा धोका उत्पन्न करितो. अधूनमधून सेन्सरवर थोडा नत्रवायु सोडून भोंगा खरोखर वाजतो कीं नाहीं हेंहि पाहावें. पॅनेलावर २०.९ दिसतें एवढ्यावरून यंत्र जिवंत आहे असें सिद्ध होत नाहीं. धुळीनें छिद्र बुजलें असेल, तर आंकड्यावर भरंवसा ठेवतां येत नाहीं.

अधिक प्राणवायूहि घातकच

ज्यावांचून जीव जगत नाहीं, त्याच्या वाढीची भीति कां बाळगावी, असें कोणी विचारील. प्राणवायु स्वतः जळत नाहीं, परंतु तो जळणाऱ्या वस्तूस बळ देतो. २३.५ च्या वर गेल्यावर कापूस, केस, तेल व कपडे फार वेगानें पेट घेतात. म्हणून प्राणवायूच्या नळास व झडपेस तेल किंवा ग्रीस लावणें वर्ज्य आहे. येथें एक सूक्ष्म गोष्ट ध्यानांत ठेवावी. सेन्सर म्हातारा झाला कीं तो खऱ्यापेक्षां कमी आंकडा दाखवितो. प्राणवायु कमी होण्याची भीति असेल तेथें असा सेन्सर उगाच ओरडेल, त्यानें फारसें बिघडत नाहीं. परंतु प्राणवायु वाढण्याची भीति असेल तेथें तो खरा धोका झांकून ठेवील.

तसेंच खोलीचा पहारा निराळा व नळाचा पहारा निराळा. एप्रिल २०२१ च्या अखेरीस परभणीच्या जिल्हा रुग्णालयांत झाडाची फांदी पडून प्राणवायूच्या नळास गळती लागली. त्वरित दुसरी व्यवस्था झाल्यामुळें रुग्ण बचावले. त्यापूर्वीं थोडेच दिवस, २१ एप्रिल रोजीं, नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयांतील टाकीस गळती लागली, नळांतील दाब उतरला आणि २२ रुग्ण दगावले. नळांतील दाब दाबमापक सांगतो. खोलींतील हवा डिटेक्टर सांगतो. एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.

यंत्र काय सांगत नाहीं

आतां सर्वांत महत्त्वाचा हिशेब. प्राणवायु २०.९ वरून १९.५ वर येण्यास हवेंत किती परका वायु मिसळावा लागेल? १.४ ला २०.९ नें भागा. शेंकडा सुमारें ६.७ हें उत्तर येतें. नत्रवायु इतका मिसळला तर तत्काळ अपाय नाहीं, आणि इशारा वेळेवर मिळतो. परंतु शौचालयाच्या टाकींत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा विषारी वायु असूं शकतो. तो हवेच्या हजार भागांत एक भाग असला तरी माणूस पाहतां पाहतां कोसळतो. तेवढ्यानें प्राणवायूचा आंकडा २०.९ वरून केवळ २०.८८ होतो. भोंगा वाजणार नाहीं! दोरीनें सोडलेला कंदीलहि विझणार नाहीं. कारण साधी ज्योत प्राणवायु १६-१७ पर्यंत उतरल्यावर विझते. त्या वायूचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो खरा, परंतु प्रमाण वाढलें कीं तोच वायु नाकाची वासाची शक्ति मारून टाकितो. शिवाय टाकींत मिथेन असल्यास कंदिलानेंच स्फोट व्हावयाचा. उन्हाळ्यांत विहिरींत उतरविलेल्या इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडहि ह्या यंत्रास ओळखतां येत नाहीं.

सारांश, "प्राणवायु पुरेसा आहे" ह्याचा अर्थ "हवा निर्धोक आहे" असा कधींहि समजूं नये. जेथें निरनिराळे वायु संभवतात, तेथें प्राणवायु, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड व जळणारे वायु हे चारहि दाखविणारें यंत्र वापरतात, आणि वर, मध्यें व तळाशीं अशा तिन्ही ठिकाणची हवा बाहेरूनच तपासतात.

पालकांस एवढीच विनंति कीं, टाकी भरल्यास उपसण्याची गाडी बोलवावी. माणूस उतरवूं नये. संरक्षक साधनांवांचून कोणासहि अशा टाकींत उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अशा मृत्यूबद्दलची भरपाई सर्वोच्च न्यायालयानें २० ऑक्टोबर २०२३ रोजीं दहा लक्षांवरून तीस लक्ष रुपयांवर नेली; पण भरपाईनें घरचा कर्ता परत येत नाहीं. मुलांनो, आडांत किंवा टाकींत कोणी कोसळलेला दिसला, तर मागोमाग उतरूं नका. मोठ्यानें हांक मारा, इतरांस कडेवरच थोपवा, ११२ ह्या क्रमांकावर कळवा. आणि त्याच्या कमरेस आधींच दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढा. हें भित्रेपण नव्हे; एकाच्या जागीं पांच जीव जाऊं न देण्याचा हाच मार्ग आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. शून्य ते २५ मर्यादेच्या यंत्राचा ट्रान्समीटर १६ मिलिअँपियर दाखवीत आहे. प्राणवायु शेंकडा किती? भोंगा वाजेल काय?

२. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच खोलींत दहा लिटर द्रव नत्रवायु सांडला. प्राणवायूचें प्रमाण अदमासें किती होईल?

३. पेंवांत सोडलेला दिवा तेवत राहिला, तरी शौचालयाच्या टाकीविषयीं तीच परीक्षा पुरेशी कां नाहीं, हें घरीं वडील माणसांस समजावून सांगा.