एआयच्या रांगेतून जरा गायरानाकडे बघा

इंजिनिअरिंग प्रवेशाची (कॅपची) यादी लागली की मालाड पूर्व असो वा पश्चिम, पालकांचा प्रश्न ठरलेला : "सर, एआय-एमएल हुकलं, आता काय?" कॉम्प्युटर, आयटी, डेटा सायन्सची माहिती तुमच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असते, त्यात वेळ घालवत नाही. कोडिंगचा कंटाळा असलेल्या मुलासाठी मॅनेजमेंट कोट्यात लाखो रुपये ओतणं हा शुद्ध वेडेपणा आहे, एवढंच सांगतो.

इलेक्ट्रिकल सुचवलं की नाकं मुरडतात. "वायरमन करायचाय का त्याला?"

जरा मुंबईबाहेर बघा. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा. महावितरणच्या उपकेंद्रांजवळच्या सरकारी आणि गायरान जमिनींवर छोटे सौर प्रकल्प उभे राहताहेत. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. मेगावॉटमागे चार-पाच एकर जमीन लागते.

पॅनेल बसवणं हा यातला सोपा भाग. सातबाऱ्यावर 'गायरान' असतं. जागेवर गावाची गुरं चरत असतात, कडेला कुणाचं तरी अतिक्रमण असतं आणि ग्रामसभा तापलेली असते. मोजणीचा नकाशा समजून घेऊन गावकऱ्यांशी नीट बोलणारा, आणि इन्व्हर्टरपासून उपकेंद्रापर्यंतचं अर्थिंग, रिले, ट्रान्सफॉर्मर तपासू शकणारा इंजिनिअर शोधून सापडत नाही. तीन महिन्यांच्या सोलर सर्टिफिकेटवर तो घडतही नाही. दहावीनंतर पार्ल्याच्या भगुभाईत इलेक्ट्रिकल डिप्लोमा करा किंवा कांदिवलीच्या आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड बघा. डिप्लोमानंतर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

गुलाबी चित्र मात्र रंगवत नाही. उभारणीतली नोकरी बहुतेकदा ठेकेदाराकडची; काम संपलं की बिऱ्हाड पुढच्या जिल्ह्यात. देखभालीला मोजकीच माणसं लागतात. म्हणून निव्वळ सोलर शिकू नका, वीजयंत्रणा पक्की करा. ती मेट्रोतही चालते, कारखान्यातही.

खरी अडचण मुलांची नसतेच. गाव सोडून इथे वन बीएचके घेतलेल्या बापाला पोरगं पुन्हा तालुक्याच्या ठिकाणी राहणार, हे सोसायटीत सांगायची लाज वाटते. ती लाज मुलाच्या पर्याय अर्जात भरू नका. परवानगी काढून त्याला एखाद्या चालू प्रकल्पावर भर दुपारी न्या. इन्व्हर्टरसमोर उभा राहून प्रश्न विचारत सुटला, तर इलेक्ट्रिकल भरा. सावली शोधत बसला, तर तेही भरू नका.