जनरल रजिस्टरची राखण आणि मुक्त आज्ञावली : संगणकास बिचकणाऱ्या शिक्षकांसाठी एक पाठ

प्रत्येक शाळेत एक कुलूपबंद कपाट असते आणि त्या कपाटात जनरल रजिस्टर असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मगाव, आधीची शाळा, दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिनांक या सर्व नोंदी त्यात असतात. दारात आलेल्या माणसाने मागितले म्हणून ते रजिस्टर त्याच्या हाती दिले जात नाही. दाखला किंवा उतारा हवा असेल तर अर्ज घेतला जातो, नोंद पडताळली जाते आणि मुख्याध्यापकांची सही होते. ही शिस्त शिक्षकाच्या अंगवळणी पडलेली आहे. गावाने आपल्या मुलांची माहिती शाळेकडे विश्वासाने सोपविली आहे, एवढाच तिचा अर्थ.

तीच माहिती आता कपाटाबाहेरही राहू लागली आहे. ती संगणकावर असते, मोबाईलमध्ये असते आणि एका गटातून दुसऱ्या गटात क्षणात जाते. कपाटाची शिस्त मात्र तिच्याबरोबर तेथे पोहोचलेली नाही. ती कशी पोहोचवावी आणि त्या कामी मुक्त आज्ञावलींचे साहाय्य कसे घ्यावे, हा या पाठाचा विषय होय.

एक उदाहरण

माधवनगर हे सांगली शहरालगतचे, मिरज तालुक्यातील गाव. तेथील एका शाळेतील शिक्षिकेचे उदाहरण कल्पून घ्यावे. बाईंची नोकरी चोवीस वर्षांची. फळ्यावरचे अक्षर मोत्यासारखे, हजेरीपट निर्दोष. परंतु संगणकापुढे बसावयाचे म्हटले की हात आखडतात. एके दिवशी शाळा सुटता सुटता शिष्यवृत्तीसाठी मुलांची यादी तातडीने मागविली जाते. बाई वहीच्या पानाचे मोबाईलवर छायाचित्र घेतात आणि शाळेच्या कामासाठी असलेल्या गटात ते पाठवून देतात. त्या गटात शिक्षक आहेत, व्यवस्थापन समितीचे सभासद आहेत आणि बदली होऊन गेलेली, पण नाव न काढलेली दोन-तीन मंडळीही आहेत. एकतीस मुलांच्या जन्मतारखा, आधार क्रमांक, आयांचे मोबाईल क्रमांक व बँकेचे खाते क्रमांक एका क्षणात त्या सर्वांच्या मोबाईलवर जाऊन बसतात.

येथे कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पाठविलेले छायाचित्र मागाहून पुसता येते हे खरे; पण तोवर ज्याने ते साठविले किंवा पुढे पाठविले, त्याच्याकडून ते परत आणता येत नाही. बाईंना यंत्र येत नव्हते म्हणून ही चूक झाली, असे म्हणता येणार नाही. यंत्र तेवढ्यापुरते त्यांना चांगलेच आले. रजिस्टरचे पान दारातल्या माणसाला देऊ नये, हा त्यांचाच नियम त्या क्षणी आठवला नाही, एवढेच घडले.

मुक्त आज्ञावली म्हणजे काय

संगणक जे काम करतो ते आज्ञावलीप्रमाणे करतो. बहुतेक विकत मिळणाऱ्या आज्ञावलींची मूळ संहिता बंद असते. ती आत काय करते हे ग्राहकास पाहता येत नाही. मुक्त आज्ञावलीची संहिता सर्वांस खुली असते. ती कोणत्याही कामासाठी वापरावी, तपासावी, तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्यात आणि तीत सुधारणा करून ती सुधारलेली प्रतही वाटावी, अशा चार मोकळिकी तिच्या परवान्यानेच दिलेल्या असतात. शिक्षकांस ही कल्पना परकी वाटू नये. एका गुरुजींनी बाराखडीचा तक्ता करावा, शेजारच्या शाळेने तो उतरवून घ्यावा, त्यात आपल्या गावची चित्रे घालावीत आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तो पुन्हा सर्वांस दाखवावा, ही रीत आपल्याकडे चालत आलेलीच आहे.

या चळवळीचा आरंभ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून धरला जातो. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. आपल्याकडे, १९८८ साली पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने लिनक्सवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणाली भारतीय भाषांच्या सोयींसह तयार केली.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. आज्ञावली मुक्त आहे म्हणून माहिती आपोआप सुरक्षित होते, असे नाही. संहिता खुली असल्यामुळे जाणकारांस ती तपासता येते व लपवाछपवी कठीण होते, हा तिचा लाभ. परंतु मुलांची यादी कोठे ठेवली आणि कोणास पाठविली, हा निर्णय शिक्षकाचाच असतो. कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली खिळ्याला टांगून ठेवली तर उपयोग नाही.

भीती कशाची असते

नवशिक्या शिक्षकाची भीती बहुधा तीन प्रकारची असते. काही बिघडेल ही पहिली. इंग्रजी जमणार नाही ही दुसरी. आणि आपल्यापेक्षा लहान सहकारी हसतील ही तिसरी. पहिल्या भीतीवर उपाय आहे तो मूळ प्रत बाजूला ठेवण्याचा. परतीची वाट मोकळी असली की माणूस धीटपणे पुढे जातो. दुसरी भीती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही, कारण पुष्कळ मुक्त आज्ञावलींची मांडणी मराठीत झालेली आहे. तिसऱ्या भीतीचे उत्तर शिक्षकाने रोज वर्गात दिलेलेच असते : न येणे ही लाजेची गोष्ट नाही, हे आपण मुलांना सांगतोच.

या बाबतीत रायगड जिल्ह्यातील खैरात धनगरवाडा येथील उदाहरण बोलके आहे. तेथील एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ साली प्रत्येक मुलास एक्सओ नावाचा छोटा संगणक देण्यात आला. त्यावर लिनक्स आणि मुलांसाठी रचलेली ‘शुगर’ ही मुक्त आज्ञावली होती. भारतातील त्या प्रकल्पाचा आरंभ मोठ्या शहरात न होता एका लहानशा वाडीत झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. केरळात २००१ साली आयटी ॲट स्कूल हा उपक्रम सुरू झाला. २०१७ पासून तो ‘काइट’ या नावाने चालतो. तेथील सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावलींचा अंगीकार केला, आणि शिक्षकांस शिकविण्याचे काम प्रशिक्षित शिक्षकांनीच केले. यावरून असे दिसून येईल की, या कामास तज्ज्ञ होऊन मग आरंभ करावयाचा नसतो. आरंभ करूनच त्यातले जाणकार तयार होतात.

पाठाच्या पायऱ्या

पुढील पायऱ्या एका महिन्यात एक, या गतीने घेतल्या तरी चालेल. घाई करू नये.

१. प्रथम प्रत. शाळेच्या संगणकावरील कामाच्या सर्व फाइली दोन पेनड्राइव्हवर उतरवून घ्याव्यात. एक पेनड्राइव्ह शाळेच्या कपाटात कुलपात ठेवावा. दुसरा मुख्याध्यापकांच्या संमतीने दुसऱ्या सुरक्षित इमारतीत, तोही कुलपातच ठेवावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली जिल्ह्यातील नदीकाठच्या गावांत काय केले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. पाण्यास रजिस्टर आणि संगणक यांतला भेद कळत नाही. यास्तव दोन प्रती एकाच खोलीत असू नयेत.

२. एक आज्ञावली, एक काम. संगणकावर सध्या विंडोज असेल तर ती तशीच असू द्यावी आणि तिच्यावर ‘लिबरऑफिस’ बसवून घ्यावे. २०१० पासून विकसित होत असलेली ही मुक्त आज्ञावली विनामूल्य असून तीत पत्रलेखन, तक्ते व हिशेब ही तिन्ही कामे होतात. पहिले काम साधे निवडावे. उदाहरणार्थ, आपल्या वर्गाच्या मासिक हजेरीची बेरीज. लेखन युनिकोडमध्येच करावे. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर अर्थहीन अक्षरांचा ढीग होऊन उमटतो, हा अनुभव अनेक शाळांस आहे. ‘मुक्ता’ हा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा टंक मुक्त परवान्याचा आहे. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट कळपट शिकावा; त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे असल्याने बोटांस वळण लवकर लागते.

३. यादीस कुलूप. मुलांची नावे, आधार किंवा खाते क्रमांक असलेली फाइल साठविताना ‘सेव्ह विथ पासवर्ड’ ही खूण करावी. पासवर्ड विसरल्यास तो परत मिळण्याची सोय नसते. म्हणून तो कागदावर लिहून बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. फाइल व पासवर्ड एकाच संदेशात कधीही पाठवू नयेत. पाकिटे तयार झाल्यावर उघड्या स्थितीत असलेल्या पेनड्राइव्हवरील जुन्या याद्या काढून तेथेही कुलपातील प्रतच ठेवावी.

४. मागेल त्यास नकार. मोबाईलवरील एखादे ॲप छायाचित्रे, संपर्कयादी किंवा आपले ठिकाण पाहण्याची परवानगी मागते तेव्हा, ‘याच्या कामास हे खरोखर लागते काय?’ असा प्रश्न करावा. विजेरीच्या ॲपला संपर्कयादीची गरज नसते. परवानगी नाकारल्याने मोबाईल बिघडत नाही. काम अडलेच तर ती मागाहून देता येते. संकेतस्थळे पाहण्यासाठी ‘फायरफॉक्स’ हा मुक्त ब्राउझर मराठीतही मिळतो.

५. इंटरनेटविना ग्रंथालय. ‘किविक्स’ या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने २००३ साली सुरू झालेला मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की पुढे इंटरनेटवाचून वाचता येतो. कोण काय वाचतो याचा माग त्यात बाहेर जात नाही, आणि जोडणी गेली म्हणून तास वाया जात नाही.

६. शेवटी लिनक्स. रिकाम्या पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहता येते. प्रारंभीच्या यादीत ‘इन्स्टॉल’ न निवडता ‘ट्राय’ किंवा ‘लाइव्ह’ निवडले असता संगणकातील मूळ व्यवस्था जागच्या जागी राहते. विंडोज १० साठीच्या सर्वसाधारण विनामूल्य सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्या. ज्या जुन्या संगणकांस पुढची आवृत्ती पेलत नाही, त्यांस हा मार्ग उपयोगी पडतो. तथापि ही पायरी जाणकार सहकाऱ्यास शेजारी बसवूनच चढावी.

शासनाच्या पोर्टलांवर जी माहिती भरावयाची असते ती अर्थातच तेथेच भरावी. वरील पायऱ्या त्या कामाच्या आड येत नाहीत. ती माहिती इतरत्र सांडू नये, एवढेच त्या पाहतात.

मुलांसाठी पाठ : कोणती गोष्ट कोणास सांगावी

इयत्ता चौथीसाठी पस्तीस मिनिटांचा तास पुरेसा आहे. फळ्यावर तीन चौकटी काढाव्यात : ‘सर्वांना’, ‘शाळेला’ आणि ‘फक्त घरात’. नंतर चिठ्ठ्या वाटाव्यात : आवडता खेळ, गावाचे नाव, जन्मतारीख, आईचा मोबाईल क्रमांक, आधार क्रमांक, आजीचा आजार, वडिलांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी. प्रत्येक मुलाने आपली चिठ्ठी योग्य वाटेल त्या चौकटीत लावावी व कारण सांगावे. ओटीपीची चिठ्ठी कोठेच बसत नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्यावे. आजीच्या आजाराविषयी मतभेद होतील. तेथे उत्तर सांगण्याची घाई करू नये. ‘आजीला विचारले होते का?’ एवढाच प्रश्न विचारावा. संमती म्हणजे काय, ते मुलांना त्या प्रश्नातून उमगते.

मोठ्यांच्या जगातही हेच तत्त्व मान्य झाले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घातले आहे.

माधवनगरच्या त्या बाईंकडे पुन्हा वळावे. दुसऱ्या वेळी यादी मागविली जाते, तेव्हा त्या छायाचित्र घेत नाहीत. नावे व मागितलेले तेवढेच रकाने एका तक्त्यात उतरवितात, फाइलीस पासवर्ड घालतात, ज्या एका अधिकाऱ्यास ती हवी आहे त्यासच पाठवितात आणि पासवर्ड फोन करून सांगतात. यास पंधरा मिनिटे अधिक लागतात. शेजारच्या वर्गावरील तरुण शिक्षक विचारतात, ‘‘बाई, एवढे कशाला? गटातच टाकायचे की.’’ बाई कपाटाकडे बोट दाखवून म्हणतात, ‘‘सर, ते रजिस्टर तुम्ही चावडीवर ठेवून याल का?’’

तो तक्ता कसा केला, हे शिकून घेण्यासाठी ते तरुण शिक्षक खुर्ची ओढून बसतात. केंद्रातील पहिला वर्ग असा भरण्यास हरकत नाही.