तुतारी धरण्याआधी

गायनात एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी नाव नोंदवलं, तेव्हा आता काही वर्षं भरपूर गायला मिळणार अशी माझी समजूत होती. अमेरिकेत गायक-वादकांसाठी डी.एम.ए. असते आणि तिच्यात मैफली सादर करणं हा अभ्यासाचाच भाग असतो. आपल्याकडेही तसंच काही असेल, असं धरून चालले. कुणाला विचारलं मात्र नाही. इथे पीएच.डी. म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रबंध. प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, सहामाही अहवाल, शेवटी तोंडी परीक्षा. माझ्या वाटेवर तानपुरा लावायची वेळ एकदाही आली नाही.

मी राहते ओरोसला, मार्गदर्शक मुंबईत. सिंधुदुर्ग स्टेशनवर संध्याकाळची तुतारी एक्स्प्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचं, एक प्रकरण दाखवून, एक सही घेऊन परत फिरायचं. दोन रात्री गाडीत, पुढचे दोन दिवस घसा बसलेला. ‘हे प्रकरण संपलं की रियाजाला बसू’ म्हणता म्हणता दुसऱ्या वर्षी तानपुऱ्याची गवसणीसुद्धा निघेना. तिसऱ्या वर्षी कुडाळला एका घरगुती बैठकीत बागेश्री मांडला. तार षड्जावर आवाज थरथरला, द्रुत तानेत दम पुरला नाही. समोर बसलेली माणसं मला लहानपणापासून ऐकणारी. कुणी काही बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून नाव नोंदवण्याआधी पदवी कशासाठी हवी, ते ठरवा. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पीएच.डी. उपयोगाची आहे. गाणं वाढवायचं असेल तर तीच वर्षं गुरूकडे द्या. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकारनंतरची ‘संगीताचार्य’ घेणार असाल, तर नोकरी देणारी संस्था ती पीएच.डी.च्या बरोबरीची धरते का, हे आधी लेखी विचारून घ्या. मुदतीचंही भान हवं. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी दोन, स्त्रियांना त्यावर आणखी दोन. स्त्रियांसाठीची सवलत मी पहिल्याच वर्षी गृहीत धरली आणि तिथेच ढिलाई शिरली.

विषयाचं तर काय सांगू! ‘कोकणातील लोकसंगीत’ असा अख्खा समुद्र मी कवेत घेतला होता. दीड वर्ष वाया गेल्यावर दशावतारातल्या पदांवर आले. प्रभा अत्रे यांनी डॉक्टरेटसाठी सरगम हा विषय घेतला. त्या सरगम मैफलीत गात होत्या, तिच्या बाजूने विचार मांडत होत्या. विषय असा आपल्या गळ्यातला हवा. माझा गळ्यातला नव्हता, पण कानातला होता. लहानपणी आजोळच्या जत्रेत आजीच्या मांडीवर झोपेत ऐकलेली पेटी, पखवाज आणि झांज.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र देवळापुढे बसून मोबाईलवर पदं टिपायची. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. संवाद रंगमंचावर आयत्या वेळी सुचतात, पेटीवाले बुवा पात्राचा रोख बघून पद उचलतात. मागाहून तपासायला कागद नाही. जे विचारायचं ते पहाटे, रंग पुसला जायच्या आत. मी मात्र नुसतं टिपत गेले. चाळीसेक ध्वनिमुद्रणांवर ना गाव, ना तारीख, ना गाणाऱ्याचं नाव. जवळजवळ निम्मी प्रबंधात घेताच आली नाहीत. तुम्ही पद सुरू होण्याआधी हे सगळं मोबाईलमध्ये स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा आणि कलाकाराची संमतीही तिथेच घ्या.

एका पहाटे चहा घेताना एका वृद्ध बुवांनी मला विचारलं होतं, “गो बाय, लिवतलंस ता बरा, पण गातलंस कधी?” त्या दिवसापासून लॅपटॉप उघडण्याआधी तासभर खर्ज लावते. प्रबंध सहाव्या वर्षी दिला. आवाज अजून पूर्वीच्या जागी आलेला नाही, पण बागेश्रीचा तार षड्ज आता थरथरत नाही.

त्या रात्री बुवांनी म्हटलेलं एक पद माझ्याकडे आहे. भीमपलासीच्या अंगाने जाणारं, मध्येच कोमल धैवत घेणारं. ते कोणत्या आख्यानातलं, कोणत्या पात्राच्या तोंडचं, चाल त्यांना कुणाकडून मिळाली, यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. पुढच्या कार्तिकात विचारू म्हणून राहिलं. पुढच्या कार्तिकात पेटीवर दुसरे बुवा होते.