मऊ शिसे की कडक शिसे?

फायरिंग रेंजवर मिळणारी पॉइंट टू-टूची गोळी आपण सगळ्यांनी हाताळली आहे. वजन ४० ग्रेन, धातू शिसे, आणि हाताळली की बोटाला थोडेसे मेण लागते. हे काडतूस १८८७ सालचे आहे आणि सुरुवातीला त्यात काळी दारूच भरत असत. शिसेच का, ते मऊ का आणि मेण कशासाठी, या प्रश्नांची उत्तरे काळ्या दारूच्या जुन्या रायफलींमध्ये मिळतात.

दोन काडतुसे शेजारी ठेवली आहेत असे समजू. पहिले १८६६ च्या स्नायडर रायफलचे, दुसरे १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीचे. दोन्ही रायफली ब्रिटिश सैन्याच्या आणि दोन्ही हिंदुस्थानात वापरल्या गेल्या. स्नायडरच्याच काळात, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. दोन्ही काडतुसांतील गोळीचे वजन ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम. वजन सारखे, तरी दोन्ही गोळ्या वेगळ्या धातूच्या. असे का?

स्नायडरची नळी जुन्या एनफिल्डचीच होती, आतून ०.५७७ इंच. गोळी मात्र ०.५७३ इंचांची, शुद्ध शिशाची. एवढ्या फटीतून गॅस निसटून जाईल असे आपल्याला वाटेल. पण या गोळीच्या बुडाशी पोकळी असे आणि तिच्यात भाजलेल्या मातीचे बूच. दारू पेटली की बूच पुढे रेटले जाई, शिशाची कड फुगे आणि नळीच्या आतल्या पिळदार खाचांमध्ये घट्ट बसे. शिसे मऊ असेल तरच हे साधते.

मार्टिनी-हेन्रीची गोळी ०.४५ इंच जाड, पण लांब. लांब गोळीला सरळ जाण्यासाठी जास्त फिरकी लागते. वुलविचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करा, त्याला १५० ने गुणा आणि गोळीच्या लांबीने भागा. उत्तर येते ते असे, की खाचांनी किती इंचांत एक पूर्ण फेरा घ्यावा. लांबी सव्वा इंच धरली तर ०.४५ × ०.४५ × १५० ÷ १.२५ म्हणजे सुमारे २४ इंच. मार्टिनी-हेन्रीच्या नळीत २२ इंचांत एक फेरा आहे, म्हणजे गरजेपेक्षा किंचित जास्तच फिरकी. लांब स्नायडर रायफलमध्ये हाच फेरा ७८ इंचांत होतो.

आता अडचण लक्षात येईल. दारू ७० ऐवजी ८५ ग्रेन आणि पीळ एवढा तीव्र. शुद्ध शिशाची गोळी खाचांना धरून फिरण्याऐवजी त्यांच्यावरून घसरेल आणि नळीत शिशाचा थर बसेल. म्हणून या गोळीत १२ भाग शिशाला १ भाग कथील घातले. मग आणखी कडक का केली नाही? कारण काळ्या दारूच्या पहिल्या धक्क्याने गोळीने थोडे फुगायलाच हवे. ती फुगली नाही तर गरम गॅस बाजूने निसटतो, गोळीची कड वितळवतो आणि नळीत पुन्हा शिसेच बसते. शिवाय ही गोळी कागदात गुंडाळलेली असे, म्हणजे शिसे नळीला थेट घासत नसे. आजही काही देशांत जुन्या रायफलींच्या नेमबाजी स्पर्धा होतात. तिथे २० भाग शिसे आणि १ भाग कथील हे प्रमाण बरेच जण पसंत करतात.

आमचे घर जबलपूरला रिछाई औद्योगिक क्षेत्राजवळ आहे. शेजारचे एक काका ओतकाम करतात. त्यांनी कथिलाचा आणखी एक फायदा सांगितला. कथील घातले की रस पातळ वाहतो आणि साच्याचे कोपरे नीट भरतात. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि त्याची वाफ व धूळ विषारी असते, म्हणून हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये, असेही त्यांनी बजावले. तेच मी इथे बजावतो.

आता मेण. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा अर्ध्याहून जास्त भाग घन राख म्हणून उरतो. कोरड्या उन्हाळ्यात ही राख नळीत कडक होते आणि पुढच्या गोळ्या भरकटतात. राख मऊ राहावी म्हणून वंगण लागते. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात गोळीखाली मधमाशीच्या मेणाची चकती असे.

याच वंगणाने इतिहास घडवला. स्नायडरच्या आधीच्या एनफिल्डचे काडतूस दातांनी तोडावे लागे आणि त्याला चरबी लावलेली असे. ती गाईची किंवा डुकराची असल्याचा संशय शिपायांना आला. स्वतःच्या पसंतीचे वंगण लावण्याची मुभा जानेवारी १८५७ मध्ये मिळाली, पण तोवर विश्वास उडाला होता. एप्रिलमध्ये मेरठला ८५ स्वारांनी नाकारलेली काडतुसे तर जुन्याच प्रकारची होती. उठावाची कारणे पुष्कळ होती, पण ठिणगी इथे पडली. आमच्या जबलपुरात १८ सप्टेंबर १८५७ रोजी राजा शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. त्याच रात्री इथली ५२ वी पलटण उठली.

त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायाला गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुने शस्त्र देण्याचे धोरण ठेवले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे गोऱ्या ६६ व्या पलटणीच्या हाती मार्टिनी-हेन्री होती. तिच्याबरोबर लढणाऱ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सच्या हाती मात्र स्नायडर. त्या ग्रेनेडियर्सचा वारसा सांगणाऱ्या रेजिमेंटचे केंद्र आज जबलपुरातच आहे. मैवंदची लढाई इंग्रज हरले. त्या पराभवाची कारणे अनेक होती, ती सगळी रायफलीवर टाकता येणार नाहीत. पण एक गोष्ट नक्की: एकाच रणांगणावर, एकाच बाजूने लढणाऱ्या दोन पलटणींची काडतुसे एकमेकांच्या रायफलीत बसत नव्हती.

कॅडेट मित्रांनो, गोळी निवडताना चार गोष्टी पाहाव्यात असे मला या अभ्यासातून वाटते. नळी केवढी आहे, पीळ किती आहे, दारू कोणती आहे हे तीन प्रश्न गणिताने आणि साच्याने सुटतात. चौथा प्रश्न असा, की ज्याच्या हातात हे काडतूस द्यायचे त्याचा देणाऱ्यावर विश्वास आहे का. उद्या आपल्यापैकी कोणी अधिकारी झाला, तर हा चौथा प्रश्न त्याने सर्वांत आधी विचारावा.