थेरपी : शोधायची कुठे, सुरू करायची कशी?

मशीन बिघडलं तर काय करायचं हे आपल्याला चार वर्षं शिकवतात. आधी लक्षणं बघा, मोजमाप घ्या, मग दुरुस्तीला हात घाला. माणसाचं मन बिघडलं की मात्र अख्खं हॉस्टेल एकच उपाय सांगतं, "टेन्शन नको घेऊस गं!"

मी आंजर्ल्याची. दापोली तालुक्यातलं, कड्यावरच्या गणपतीचं गाव. नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत, समुद्र आहे, पण मानसोपचारतज्ज्ञाची पाटी मी तरी गावात पाहिलेली नाही. सेकंड इयरला मला नैराश्याचा आजार झाला आणि त्यावर मी थेरपी घेतली. थेरपी घ्यावी असं पुष्कळांना वाटतं, पण पहिला फोन कुणाला करायचा इथेच गाडी अडते. म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी मोजमाप

पेपर वाईट गेला की उदास वाटणं हा आजार नव्हे. उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ टिकलं, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, तर शंका घ्यावी. डॉक्टर यासाठी 'पीएचक्यू-९' नावाची प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञांना भेटायला हवं. ही चाचणी म्हणजे निदान नाही, निदान डॉक्टरच करतात. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज बघत बसू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

माझी बेरीज १७ होती. पहाटे तीनला जाग यायची, मेसचं ताट तसंच परत जायचं, आणि सकाळी उठूच नये असं वाटायचं.

२. कोण काय करतं?

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. होऊन पुढे मानसोपचारात शिक्षण घेतलेले डॉक्टर. ते औषधं देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, ते थेरपी करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती खुशाल विचारावी. समुपदेशक ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं, म्हणून शिक्षण विचारायला लाजू नका. थायरॉईड किंवा रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो, तेव्हा एकदा साध्या डॉक्टरांकडून तपासणीही करून घ्यावी.

३. शोधायचं कुठे?

पहिलं ठिकाण म्हणजे कॉलेज. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. दुसरं, सरकारी मेडिकल कॉलेज किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. आमच्या रत्नागिरीत तर प्रादेशिक मनोरुग्णालयच आहे, पण आंजर्ल्याहून ते शंभराहून अधिक किलोमीटरवर! दर आठवड्याला कोण जाणार? अशा वेळी तिसरा मार्ग फोनचा. केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. रात्री दोनलाही करता येतो.

फोनवर मी चार प्रश्न विचारले होते. शिक्षण काय? नैराश्यासाठी कोणती पद्धत वापरता? फी किती, विद्यार्थ्यांना सवलत आहे का? आणि मराठीत बोलता येईल का? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण मला इंग्रजीत रडता येत नाही!

४. घरी काय सांगायचं?

'डिप्रेशन' हा शब्द घरी जड जातो. नजर लागली, अभ्यास नको म्हणून नाटकं, इथपासून सुरुवात होते. मी आईला लक्षणंच सांगितली. "तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही." आई लगेच म्हणाली, "अगं मग डॉक्टरला दाखव की!" बाबांना समजायला जास्त वेळ लागला. त्यांना मी एवढंच सांगितलं, की मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवावी लागते, गावभर होत नाही. जीवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे, तोही सांगितला.

५. पहिली भेट आणि पुढे

सिनेमातल्यासारखं कोचावर झोपवत नाहीत. समोरासमोर दोन खुर्च्या आणि साधारण ४५ मिनिटं. झोप, घर, अभ्यास, आधीचे आजार, मरणाचे विचार, सगळं विचारतात. पहिल्या भेटीत बरं वाटेलच असं नाही. मी आधी ज्या बाईंकडे गेले, त्या बहुतेक वेळ स्वतःच बोलल्या. दोन भेटींनंतर मी दुसरीकडे गेले. तसं केलेलं चालतं. आपलं जमत नाही म्हणून थेरपीच सोडायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

दुसरीकडे मला गृहपाठ मिळाला. दिवसाचे तास वहीत लिहायचे, काय केलं आणि कसं वाटलं त्याला दहापैकी गुण द्यायचे. यामागचं लॉजिक आपल्या विषयातलं आहे. आजारात माणूस एकेक गोष्ट सोडतो, मेस, व्हॉलीबॉल, फोन. त्यामुळे बरं वाटायच्या संधी घटतात, मन आणखी खचतं, आणखी गोष्टी सुटतात. पक्का पॉझिटिव्ह फीडबॅक लूप! थेरपी तो कृतीच्या बाजूने तोडते. मूड येण्याची वाट न बघता लहानसं काम आधी करायचं. दिवाळीत घरी होते तेव्हा बाबांबरोबर वाडीचं शिंपणं, असं वहीत लिहिलं होतं. पहिल्या दिवशी दोन गुण, आठवड्याने चार.

हे सांगोवांगी नाही. गोव्यात 'संगाथ' संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्यासह १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. थेरपी देणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते, आणि भेटी फक्त ६ ते ८. तीन महिन्यांनी थेरपी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजाराच्या रेषेखाली आले, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. म्हणजे थेरपी शहरातल्या श्रीमंतांचीच नव्हे. आणि हेही खरं, की सगळे पहिल्या फटक्यात बरे होत नाहीत. काहींना सोबत औषधं लागतात. त्यांचा गुण दिसायला २ ते ६ आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून ती आपल्या मनाने बंद करायची नसतात.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची अंडी जपतात. पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. रोज वाळू उकरून कुणी बघत नाही, राखण मात्र रोज करतात. थेरपीचंही असंच.

६. रूम पार्टनर आणि स्टाफसाठी

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'कासव' जरूर बघा. ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्यात खचलेल्या मुलाला माणसं थारा देतात, प्रश्नांचा भडिमार करत नाहीत. आपणही तेवढं करू शकतो. ऐकून घ्या, उपदेश टाळा, अपॉइंटमेंटचा फोन शेजारी बसून लावून द्या, पहिल्या दिवशी दारापर्यंत सोबत जा. मरणाची भाषा असेल तर त्याला किंवा तिला एकटं सोडू नका आणि रेक्टरना ताबडतोब सांगा. इथे मैत्रीतलं 'कुणाला सांगू नकोस' पाळायचं नाही. रेक्टर सरांना आणि मॅडमना विनंती एकच, की १४४१६ हा नंबर मेसच्या नोटीस बोर्डावर मेनूच्या शेजारी लावा. तिथे दिवसातून दोनदा तरी सगळ्यांची नजर जाते!